रिकाम्या कबरीचं वाचन

उद्यापासून दुपारच्या वेळेला घुमटातल्या त्या खिडकीत वाचायला तुम्ही बसणार, म्हणून हे सांगायला हवं. मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणार नाही. माझ्या आधीच्या पाळीला वाचणारे शेख मिक्दाद गेले, आणि माझी बायको या विषयावर बोलत नाही. दिवा जरा इकडे सरकवा. माझे डोळे हल्ली संध्याकाळीच थकतात.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट; त्या दिवशी मी घरून निघालो तो बाकला घ्यायला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकजण रात्रभर हंडीत बाकल्याच्या शेंगांचे दाणे शिजवतो. वाचनाला जाताना मी वाटीभर घ्यायचो, थोडा मला, बाकीचा शेख मिक्दादना. खमसीनचा तिसरा दिवस होता. वाळवंटाकडून येणाऱ्या त्या वाऱ्याने हवेत इतकी धूळ भरली होती की सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. भर दुपारी सगळं काहिरा शहर तांब्याच्या जुन्या घागरीच्या आतून बघावं तसं दिसत होतं. माणसं तोंडाला फडकी बांधून भिंतीला धरून चालत होती.

बाकलेवाल्याने वाटीवर रोटी झाकली आणि म्हणाला, "झाकून न्या, अबू लुब्ना. नाहीतर सुलतानाला वाळू खाऊ घालाल."

"सुलतान काही मागत नाही," मी म्हटलं.

"तेही खरंच. घरात नसलेल्या माणसाला भूक कसली?"

अबू लुब्ना म्हणजे लुब्नाचा बाप. लुब्नाला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती, पण लोकांनी माझं नाव बदललं नव्हतं. आमच्याकडे बदलत नाहीत.

सुलतानाचं नाव मी इथे घेत नाही. त्याच्या इमारतीवर ते इतक्या ठिकाणी कोरलंय की तुम्ही वाचून कंटाळाल. मोठ्या साथीच्या वेळी तो पोरसवदा होता. त्या साथीत अर्धं शहर मेलं. ज्यांच्या मागे वारस उरला नाही, त्यांची घरं, दुकानं, मळे सरकारजमा झाले, आणि पुढे मोठा झाल्यावर त्यातून त्याने हे सगळं उभारलं. चार मदरसे, एक दवाखाना, आणि या सगळ्यांच्या मध्ये स्वतःच्या कबरीसाठी घुमट. डोंगरातून दगड ओढायला वेठीला माणसं धरली. पाच वर्षं या भागात चुन्याच्या भट्ट्यांचा धूर होता. वाळत घातलेले कपडे घरात न्यायचे तेव्हा आधी झटकावे लागत. मग घुमटाचं शेवटचं काम चालू असताना त्याच्याच सरदारांनी त्याला मारलं. प्रेत कुठे टाकलं, ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. घुमट पुरा झाला, खाली संगमरवरी चौथरा पुरा झाला, चंदनी कठडाही लागला. आत ठेवायला मात्र कोणी नव्हतं.

पण वक्फनामा, म्हणजे या इमारतीचा दानपत्र, आधीच लिहून झाला होता. सुलतानाच्या डोक्याशी, रस्त्याकडच्या खिडकीत, कुराणाचं वाचन अखंड चालावं, असं त्यात आहे. अखंड म्हणजे अखंड. पुढचा वाचणारा येतो, शेजारी बसतो आणि चालू आयतीत आवाज मिसळतो. एक आयत दोघांनी मिळून म्हणायची, मग आधीच्याने थांबायचं. मध्ये श्वासाएवढीही फट राहता कामा नये. उठण्याआधी मोठ्याने म्हणायचं की या वाचनाचं पुण्य सुलतानाला पोचो. तुम्हाला हे ठाऊकच आहे.

तुम्हाला ठाऊक नाही ते असं, की मी सुलतानाचं नाव मोठ्याने घ्यायचो आणि त्यामागून ओठांतल्या ओठांत लुब्नाचं.

ही लबाडी आहे. मीही ती लबाडीच मानतो. पण सुलतानाला घुमट होता आणि माझ्या मुलीला साधं मातीचं ढेकूळही नव्हतं. साथीच्या त्या दिवसांत दारांच्या फळ्या काढून त्यांवरून मुडदे नेत. लुब्नाच्या फळीवर आणखी दोघं होती. मी उत्तरेच्या दरवाज्यापर्यंत मागे चालत गेलो. दरवाज्याबाहेर टेकाडाजवळ खड्डे खणले होते. तिथून पुढे मी गेलो नाही. गर्दी होती, शिपाई अडवत होते, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मी दमलो होतो. त्या आठवड्यात माझ्या शाळेतली एकोणीस मुलं मी पोचवली होती. मी दरवाज्याच्या सावलीत बसलो, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा फळी निघून गेली होती.

सात वर्षांची होती. माझ्याकडेच शिकायची. मी घरी पाठ म्हणायला बसलो की चटईवर माझ्या मागे येऊन बसायची आणि चूक पकडायची. मी मुद्दाम चुकायचो. ती लगेच मागून बरोबर शब्द सांगायची, हळू, पण न हसता, एखाद्या म्हाताऱ्या शेखसारखी. मी तो शब्द उचलून पुढे जायचो. मागे वळून बघायचं नाही, असा आमचा नियम होता.

ती आजारी पडायच्या आधी असाच खमसीन सुटला होता. तिचे पुढचे वरचे दोन दात त्या आठवड्यात पडले. आमच्याकडची मुलं पडलेला दात सूर्याकडे फेकतात आणि ओरडतात, 'सूर्या, सूर्या, हा गाढवाचा दात घे आणि मला हरणीचा दात दे!' पण सूर्य दिसेना. "दिसतच नाही त्याला, तर घेणार कसा?" असं म्हणून तिने दात आईच्या ओढणीच्या तुकड्यात बांधून ठेवायला दिले. सूर्य निघाला त्या दिवशी तिच्या काखेत गाठ आली होती. ते फडकं झुम्रुदच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पेटीत तसंच होतं.

तर त्या दिवशी मी बाकला घेऊन घुमटात आलो. आत बाहेरच्यापेक्षा थंड होतं, पण उजेड तोच, तपकिरी. वरच्या जाळ्यांतून धूळ हळूहळू खाली उतरत होती. शेख मिक्दाद खिडकीत वाचत होते. ते आंधळे, सगळं पाठ. मी शेजारी बसलो, आवाज मिसळला, एक आयत आम्ही बरोबर म्हटली आणि ते थांबले. रोज ते काठी टेकत घरी जायचे. त्या दिवशी धुळीमुळे तिथेच भिंतीला टेकून बसले आणि चाचपडून त्यांनी वाटी जवळ ओढली.

मी वाचत राहिलो. घसा कोरडा पडला होता. रात्री झोप नव्हती, आणि तसं पाहिलं तर कित्येक वर्षांत नव्हती. कुराणात एकसारख्या सुरू होणाऱ्या आयती आहेत. पाठ करणारा थकला की एका वाटेने निघतो आणि कळायच्या आत दुसऱ्या वाटेला लागतो. पुस्तकात बघून वाचणाऱ्याची ही चूक होत नाही, ती पाठ असणाऱ्याचीच होते. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं, पण डोळे मिटलेले होते. मी दुसऱ्या वाटेला लागलो.

मागून कोणीतरी बरोबर शब्द सांगितला.

हळू. न हसता.

मी तो उचलला आणि पुढे गेलो. शेखनी सांगितला असणार. आभार म्हणून मी जरा मान वळवली. शेख मिक्दाद माझ्या मागे नव्हते, उजव्या हाताला होते. त्यांचे गाल घासाने फुगलेले होते आणि जबडा मध्येच थांबला होता. तोंड चौथऱ्याकडे वळलेलं होतं, जसं आंधळे लोक कान वळवतात तसं.

माझ्या मागे चौथरा होता.

मला थांबता येत नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. उठता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं. पुढचा वाचणारा यायला दुपारच्या दुसऱ्या नमाजापर्यंतचा वेळ होता, आणि तोवर मला तोंडातून दुसरा एकही शब्द काढता येणार नव्हता. चुन्याचा वास येऊ लागला... ओल्या चुन्याचा. घुमट कोरडा होऊन वर्षं लोटली होती. मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होतो, चुकू नये म्हणून. आणि तरी, खोटं कशाला बोलू, मला चुकावंसं वाटत होतं.

मी चुकलो. मुद्दाम, जसा घरी चुकायचो तसा.

मागून बरोबर शब्द आला. या वेळी जवळून.

पुढचा वाचणारा आला. त्याने आवाज मिसळला. एक आयत झाली, मी थांबलो, सुलतानाचं नाव घेतलं, दुसरं नाव घेतलं आणि उठलो. पाय बधिर झाले होते. शेख माझा दंड धरून बाहेर आले. दरवाज्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटची आयत किती जणांनी म्हटली, अबू लुब्ना?"

"दोघांनी."

"मी आंधळा आहे, बहिरा नाही रे."

मी बधिर पाय चोळू लागलो.

"दुसरं नाव कुणाचं घेतोस?"

"तुम्हाला कसं..."

"वर्षभर ऐकतोय. ओठ हलतात ते ऐकू येतात मला. मला वाटलं, बिचारा सुलतानाच्या ताटातला एक घास उचलतोय, उचलू दे. जेवणारा तरी कुठाय? मुलीचं ना?"

"मुलीचं."

"कुठे पुरलीस तिला?"

मी सांगितलं. दरवाज्याबाहेरचं टेकाड. पुढे गेलो नाही तेही सांगितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

शेख बराच वेळ काठीच्या टोकाने पायरीवरची वाळू इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "माझे डोळे इथेच गेले, ते तुला माहीत आहे. चुना विझवायच्या हौदावर होतो. पाणी घातलं की चुना तापतो, उकळतो, जनावरासारखा. एकदा तोंडावर उडाला. पण त्याआधी मी माती वाहायचो. घुमटाखालची जमीन खोल निघाली, भराव पुरेना. मुकादम म्हणाला, उत्तरेच्या दरवाज्याबाहेर टेकाड आहे, माती मऊ आहे, खणायला सोपी. महिनाभर आम्ही ते टेकाड टोपल्यांतून इथे आणलं." ते थांबले. "मातीत हाडं होती, बारीक बारीक. मी मुकादमाला दाखवली. तो म्हणाला, गाढवाची असतील. मीही म्हटलं, असतील. टोपली भरलेली होती, ऊन होतं... आणि मी दमलो होतो रे."

दमलेली माणसं किती ठिकाणी किती काय करून ठेवतात, असं माझ्या मनात आलं.

"नाव घेताना आईचं नाव जोडतोस?" त्यांनी विचारलं. मेलेल्याला आईच्या नावाने हाक मारायची असते, म्हणजे हाक चुकत नाही.

"नाही," मी म्हटलं. "नुसतं लुब्ना म्हणतो."

"त्या टेकाडात किती लुब्ना असतील, अबू लुब्ना?"

घरी आलो. झुम्रुदने माझ्याकडे बघितलं आणि हातातली मसुराची पळी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, दरवाज्याची सावलीसुद्धा. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "तू तिथे बसलास ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या सदऱ्याला मागून भिंतीचा चुना लागला होता. धुतला मीच ना."

"मग बोलली नाहीस?"

"बोलून ती उठून आली असती का?" मग पळी पुन्हा उचलून म्हणाली, "उद्या मी खिडकीखाली उभी राहणार."

"रस्त्यावर? या धुळीत?"

"अर्धं शहर उभं राहून सुलतानाला दुवा देतं. मी माझ्या मुलीला दिली तर कुणाची जीभ झिजेल?"

दुसऱ्या दिवशीही सूर्य नव्हता. मी खिडकीत बसलो. शेख मिक्दाद त्या दिवशी थांबले नाहीत; आयत संपवली आणि भिंत चाचपत निघून गेले. जाळीबाहेर, हातभर अंतरावर, झुम्रुद उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कापडात. फक्त डोळे दिसत होते, लाल झालेले. मी वाचत होतो. बऱ्याच वेळाने मी तिच्याकडे बघून पापण्या मिटल्या, आता, अशा अर्थी. आणि चुकलो.

मागून शब्द आला, स्वच्छ.

झुम्रुदने हाताने जाळी धरली. मी आणखी एकदा चुकलो. पुन्हा शब्द आला, आणि या वेळी माझ्या मानेवर, केस संपतात तिथे, श्वास लागला. गरम. मी झुम्रुदच्या डोळ्यांकडे बघत होतो. मला वाटलं होतं ती रडेल. तिचे डोळे माझ्या खांद्याच्या वर, मागे कुठेतरी, जाऊन थांबले, आणि मग तिने मान हलवली. 'हो' अशी नाही. 'नाही' अशी.

नमाज झाल्यावर ती कोपऱ्यावर भेटली. आम्ही चालू लागलो.

"काही दिसलं का?" मी विचारलं.

"आत अंधार होता."

"मग?"

"ती लुब्ना नाही."

"झुम्रुद, मी बाप आहे. आवाज मला..."

"तू शिक्षक आहेस. तुला शब्द बरोबर आला की झालं." तिने तोंडावरचं कापड आणखी आवळलं. "तिचे पुढचे दोन दात पडले होते. शेवटच्या आठवड्यात ती बोलायची तेव्हा वारा सुटायचा मधून. तुला आठवत नाही? पाणी मागतानासुद्धा. आता ऐकला त्या आवाजात दात आहेत."

आम्ही बाकलेवाल्यापर्यंत आलो. तो हंडी घासत होता. त्याने सलाम केला, मीही केला. पुढे गेल्यावर मी म्हटलं, "सोळा वर्षं झाली. तिकडे आले असतील दात."

झुम्रुद थांबली. माझ्याकडे तिने असं बघितलं की जणू मी काही फार दयाळू बोललो होतो, किंवा फार भयंकर. मग ती चालायला लागली, माझ्यापुढे, भराभर.

आता तुमच्यापुरतं सांगतो. माझा घसा गेला आहे, म्हणून जागा सोडतोय. भीती वाटते म्हणून नाही. त्यानंतर मी अकरा वर्षं तिथे वाचलं. मागे कोण असतं ते मला माहीत नाही. लुब्ना असेल, दुसऱ्या कुणाची लुब्ना असेल. असली तरी तिच्यासाठी वाचणारं दुसरं कोण आहे? तुम्ही चुकलात आणि मागून कोणी सांगितलं, तर शब्द उचला आणि पुढे जा. मागे वळू नका. शेवटी सुलतानाचं नाव मोठ्याने घ्या. आणि तुमच्या जिवावर फार जड होणार नसेल, तर मागून हळूच म्हणा: लुब्ना, झुम्रुदची मुलगी. आईचं नाव विसरू नका. मी वर्षभर विसरलो होतो. माझ्या हाकेला कोण कोण उठून बसलं असेल, त्याचा हिशोब मला लागत नाही.

त्या दिवशी झुम्रुद घरी पोचली ती सरळ पेटीकडे गेली. मी मागून आलो तेव्हा ते फडकं तिच्या मांडीवर होतं. गाठ तिचीच, दुहेरी, सोळा वर्षांत इतकी आवळलेली की नखांनी सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली. एकेक घडी उलगडली.

दात नव्हते. त्यांच्या जागी चुन्याचे दोन पांढरे खडे होते, तेवढेच, दाण्याएवढे. झुम्रुदने एकाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

चुना अजून गरम होता.